समुपदेशकाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण समुपदेशकाच्या दारालाही लावून टाकली आहे. तिथं जाणारा म्हणजे काहीतरी बिघडलेला, घरात भागलं नाही म्हणून बाहेर गेलेला, असा समज आहे. कॉलेजातल्या मुलामुलींना विचारलं, तर ‘समुपदेशन चांगलंच असतं’ असं बहुतेकजण सांगतील. ‘तू जाशील का?’ असं विचारलं, की मात्र उत्तर बदलतं. ‘मला काय झालंय?’

मुरगूडचं उदाहरण घेऊ. कागल तालुक्यातलं, वेदगंगेच्या काठचं हे छोटं शहर. यमगे, चिमगाव, कुरणी, निढोरी, सुरुपली अशा आजूबाजूच्या गावांतली मुलं इथं शिकायला येतात. कुणी एसटीनं, कुणी सायकलनं, कुणी चुलत्याच्या मोटारसायकलवर मागं बसून. वर्गात शेजारी बसणारा भावकीतला निघतो. एसटीचा कंडक्टर वडिलांना नावानं ओळखतो. चहाच्या गाड्यावरचा माणूस मामाच्या तालमीतला असतो. अशा गावातल्या कुठल्याही कॉलेजच्या व्हरांड्यात ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावली आणि एखादी मुलगी त्या दारातून आत गेली, तर संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. तिच्या मनात पहिला प्रश्न ‘मला मदत मिळेल का?’ हा येत नाही. ‘मला कोण बघेल?’ हा येतो.

पुण्यामुंबईच्या हजारोंच्या गर्दीत हाच दरवाजा तुलनेनं सोपा असतो, कारण तिथं कुणी कुणाला ओळखत नाही. परदेशातल्या विद्यापीठात तर तो दवाखान्यासारखाच एक दरवाजा मानला जातो. गरज सगळीकडे सारखीच असली, तरी ती पुरी करण्याचा कोणता रस्ता सभ्य आणि कोणता लाजिरवाणा, हे समाजागणिक बदलतं. म्हणून मुलांच्या न जाण्याला ‘अडाणीपणा’ म्हणून मोकळं होण्याआधी ती का जात नाहीत, हे नीट पाहायला हवं.

प्रश्न केवढा आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या होत्या. यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं असेल. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं, अनेक गोष्टी साचत गेलेल्या असतात. पण त्या साचत असताना कुणाशी बोलता आलं असतं, तर काही जीव वाचले असते, याबद्दल तज्ज्ञांचं दुमत नाही.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांत त्याची सुरुवात २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे बारावीचा निकाल, पहिल्यांदा घर सोडणं, नोकरीची चिंता, प्रेम, लग्नाची बोलणी हे सगळं ज्या वयात अंगावर येतं, त्याच वयात मनाचे आजारही डोकं वर काढतात.

आणि उपचार? बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण देशाचं चित्र त्यातून कळतं. साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला पाहणीच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. डॉक्टरांची टंचाई हे त्याचं एक कारण आहेच. दुसरं कारण, माणूस दारापर्यंतच येत नाही.

फक्त आपलीच मुलं बुजतात का?

मदत मागण्याबद्दलची वृत्ती मोजता येते. एडवर्ड फिशर आणि जॉन टर्नर या अमेरिकी संशोधकांनी १९७० मध्ये त्यासाठी २९ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. मनाचा त्रास झाला तर तज्ज्ञाकडे जावंसं वाटेल का, अनोळखी माणसापुढं मन मोकळं करता येईल का, लोकांच्या बोलण्याची भीती वाटते का, असे मुद्दे तिच्यात आहेत. १९९५ मध्ये तिची दहा विधानांची छोटी आवृत्ती निघाली. जगभरच्या कॉलेजांत ती वापरली गेली आणि पाश्चात्त्य विद्यार्थ्यांच्या तुलनेत आशियाई विद्यार्थ्यांचा कल तज्ज्ञाकडे जाण्याकडे कमी, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं.

इथं एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा. पाश्चात्त्य मुलं काही धावत समुपदेशकाकडे जातात असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं आठ देशांतल्या १९ कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या जवळपास चौदा हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली. भारत त्यात नव्हता. पुढं कधी मानसिक त्रास झाला तर नक्की उपचार घेऊ, असं म्हणणारे जेमतेम चारात एक होते. जे नक्की जाणार नव्हते, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी ‘आमचं आम्ही बघू’ असं कारण दिलं. जवळपास निम्म्यांनी ‘त्यापेक्षा मित्रांशी, नातेवाइकांशी बोलू’ असं सांगितलं.

म्हणजे बुजणं सगळीकडे आहे. फरक बुजण्यामागच्या कारणांत आहे. तिथं ‘माझं मी निस्तरेन’ या स्वावलंबनाच्या अभिमानाला धक्का लागतो. आपल्याकडे भीती असते ती आपल्यामुळं घरच्यांच्या मानाला धक्का लागेल याची. ‘मी गेलो तर लोक मला काय म्हणतील?’ यापेक्षा ‘आईबाबांना काय म्हणतील?’ हा प्रश्न जड असतो. धाकट्या बहिणीचं लग्न अडेल का, पाहुण्यांत चर्चा होईल का, इथपर्यंत विचार जातो. एका माणसाच्या मनाचा प्रश्न अख्ख्या घराच्या अब्रूचा होतो.

न मागता मिळणारी मदत

आपल्याकडे मदत नसते असं मुळीच नाही. ती बहुतेक वेळा मागावी लागत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत एखाद्याच्या घरी आजारपण आलं, तर शेजारी न सांगता त्याच्या जनावरांना वैरण टाकून जातो. पोरगं नापास झालं, की मामा काही न बोलता त्याला चार दिवस आपल्याकडे घेऊन जातो. ‘काय लेका, तोंड का उतरलंय? चल, च्या मारून येऊ,’ एवढंच म्हणून मित्र शेजारी बसतो. दुःखाचा उच्चारही होत नाही आणि ते थोडं हलकं होतं.

या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे. शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कॅलिफोर्नियात एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना भाषण, तोंडी आकडेमोड असं ताण देणारं काम करायचं होतं. त्याआधी काहींना आपल्या जवळच्या माणसांची, आपण त्यांच्यातले आहोत याची फक्त आठवण करायला सांगितली. काहींना जवळच्या माणसांना पत्र लिहून या कामासाठी सल्ला आणि आधार मागायला सांगितलं. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना नुसत्या आठवणीनं जास्त बरं वाटलं, त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरकही कमी राहिलं. उघड मदत मागायला लावल्यावर त्यांचा ताण तुलनेनं जास्त होता. युरोपीय वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांत याच्या उलट चित्र दिसलं.

आपल्या माणसांवर आपल्या दुःखाचं ओझं टाकू नये, असं ज्याला लहानपणापासून शिकवलं आहे, त्याला मदत मागणं हाच एक ताण असतो. वडील कारखान्याच्या बिलाची वाट बघत आहेत, आई पहाटे चारला उठते, त्यांना आणखी कशाला त्रास द्यायचा, हा विचार पोरकट नाही. त्यात माया आहे. पण त्या मायेपोटी मूल गप्प बसतं आणि घराला वाटतं, सगळं ठीक चाललंय.

न मागता मिळणाऱ्या मदतीची मर्यादाही इथंच दिसते. ज्या त्रासाची कुणाला कल्पनाच नाही, तिथं ती पोचत नाही. परजातीतलं प्रेम, हॉस्टेलवरचा छळ, मोबाइलवर झालेली फसवणूक, नात्यातल्याच माणसानं केलेला अत्याचार, जगणंच नको वाटणं, या गोष्टी शेजाऱ्याला चेहऱ्यावरून कळत नाहीत. कित्येकदा घर हेच त्रासाचं मूळ असतं. तेव्हा घराबाहेरचा, गुप्तता पाळणारा आणि प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो.

दुखणं सांगण्याची भाषा

‘मला नैराश्य आलंय’ असं कुणी गावात म्हणत नाही. ‘टेन्शन आलंय’, ‘डोकं उठलंय’, ‘जीव लागंना’, ‘छातीत धडधडतंय’, ‘कशात राम वाटंना’ असं म्हणतात. मन अशा वेळी शरीराच्या भाषेत बोलतं. पोटदुखी, डोकेदुखी, झोप न येणं, हातापायाला मुंग्या येणं घेऊन मुलगी गावातल्या डॉक्टरकडे जाते. रक्त तपासतात, सगळं नॉर्मल येतं, ताकदीच्या गोळ्या मिळतात. परीक्षेच्या आधी पुन्हा तेच. ती खोटं बोलत नसते. ताणानं खरोखर पोट दुखतं, झोप खरोखर उडते. फक्त कारण तपासलेल्या रक्तात नसतं.

काही घरं देवऋषाकडे जातात, काही देवाच्या दारी. मुरगूडपासून जवळच आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला अमावस्येला केवढी रीघ लागते, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. देवापुढं मन मोकळं करून माणूस हलका होऊन परततो, हे नाकारण्याचं कारण नाही. श्रद्धा आणि समुपदेशन यांत भांडण लावायचीही गरज नाही. सांभाळायचं ते एवढंच, की अंगारा लावला म्हणून उपचार थांबू नयेत आणि ‘बाहेरची बाधा’ म्हणत आजारी मुलाला मारझोड होऊ नये.

शब्दांचा अडथळा आणखी एका बाजूनं येतो. मानसोपचार म्हटलं की ‘वेड्यांचा डॉक्टर’ आणि समुपदेशन म्हटलं की ‘उपदेश’. नावातच उपदेश ऐकू आल्यावर, आधीच चहूबाजूंनी उपदेश झेलणारा विद्यार्थी आणखी एक डोस घ्यायला कशाला जाईल? खरं तर चांगला समुपदेशक बोलतो कमी आणि ऐकतो जास्त.

दुसऱ्यांदा का येत नाहीत?

समजा, एखादा विद्यार्थी धीर करून गेला. पुढं काय? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅनली स्यू यांनी १९७० च्या दशकात सिॲटल परिसरातल्या मानसिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी तपासल्या. आशियाई वंशाच्या लोकांपैकी निम्मे पहिल्या भेटीनंतर परत आलेच नव्हते. गोऱ्या लोकांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. स्यू यांनी दोष येणाऱ्यांच्या माथी मारला नाही. सेवा त्यांच्या रीतीला जुळत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढं वेगवेगळ्या समाजांना साजेशा सेवांची चर्चा सुरू होण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे हा विचार डॉ. जे. एस. नेकी या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ मध्येच मांडला होता. भारतीय माणूस उपचार करणाऱ्याकडे बरोबरीच्या नात्यानं पाहत नाही, गुरू-शिष्याच्या नात्यानं पाहतो. त्याला आधार, दिशा, थोडा अधिकार अपेक्षित असतो. पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेला समुपदेशक ‘तुला काय वाटतं?’ असं विचारून गप्प बसला, की आपला विद्यार्थी गोंधळतो. ‘मला कळत असतं तर इथं कशाला आलो असतो?’ त्यापेक्षाही आधी, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू टाकून राहायला बोलावलं. कुटुंबाला उपचारात सामील करून घेतल्यावर रुग्ण लवकर सुधारून घरी जाऊ लागले. घर हा आपल्याकडे अडथळा आहे तसा आधारही आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आपली माणसं बोलतात

‘आपल्याकडे लोक मनातलं सांगतच नाहीत’ हे म्हणणं महाराष्ट्रापुरतं तरी खोटं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलं. लैंगिक विषयावर घरात अवाक्षर काढणं शक्य नव्हतं, त्या काळात वाचक त्यांना पत्रं लिहून आपल्या शंका, भीती, अपराधीपणाची टोचणी विचारत आणि कर्वे मासिकातून सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

त्या वाचकांची संस्कृती आपल्यापेक्षा मोकळी नव्हती, उलट कितीतरी बंदिस्त होती. तरी ते बोलले. कारण तोंड दाखवावं लागत नव्हतं, उत्तर देणारा हसणार नाही याची खात्री होती आणि भाषा आपली होती. या तीन गोष्टी मिळाल्या, की मराठी माणूस मन मोकळं करतो. आज फोनवरच्या हेल्पलाइन हेच काम करतात.

अलीकडचे दोन दाखले आपल्या शेजारचेच आहेत. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक, पदवीनं मानसशास्त्रज्ञ नसलेल्या माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत साध्या भाषेत मदत केली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना ही मदत मिळाली नव्हती, फक्त नेहमीचे उपचार मिळाले होते, त्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

दुसरा दाखला विदर्भातला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघर, बैठकांतून मनाच्या त्रासाबद्दल बोलत, गरजूंना समुपदेशकाशी आणि मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देत. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचलेले ४.३ टक्के होते. नंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के झाले. माणसं आणि संस्कृती तीच होती. मदत ओळखीच्या माणसाच्या हातून, ओळखीच्या भाषेत आली, एवढाच बदल झाला.

कॉलेज काय करू शकतं?

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा वा त्याची सेवा घ्यायची आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. त्यामुळं पाटी आज ना उद्या सगळीकडे लागेल. त्या दारातून मुलं आत जातील की नाही, हे मात्र काही साध्या गोष्टींवर ठरेल.

पहिली गोष्ट जागेची. समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर नको. ग्रंथालय, जिमखाना, करिअर मार्गदर्शन अशा ठिकाणी, जिथं जायला शंभर कारणं असतात, तिथं ती असावी. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’, ‘भरतीची तयारी’, ‘मुलाखतीची भीती’ अशा निमित्तानं मूल आलं, तरी बोलणं पुढं हवं तिथं जातं.

दुसरी, पहिलं पाऊल समुपदेशकानं उचलावं. आपल्याकडे मदत मागून घ्यायची सवय नाही, तर मग दारात बसून वाट बघण्यात अर्थ नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गात जाऊन तासभर बोलावं. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना एकेकदा सरसकट भेटीला बोलावलं, तर ‘तीच का गेली?’ हा प्रश्नच उरत नाही.

तिसरी, गुप्तता. वर्ग घेणारे, गुण देणारे सर किंवा मॅडमच समुपदेशक असतील, तर विद्यार्थी मोकळा होणं कठीण. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर विश्वासातल्या माणसाला सांगावं लागेल, हा अपवाद पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावा. एरवी घरी काय कळवायचं आणि काय नाही, हे सज्ञान विद्यार्थ्याच्या संमतीनंच ठरावं. घरच्यांना सामील करून घेणं उपयोगाचं असतं, पण परस्पर फोन करणं हा विश्वासघात ठरतो.

चौथी, ओळखीची माणसं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळानं १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी राहिली आणि खेड्यातली पोरं शिकली. आजही घर सोडून आलेल्या मुलाचा बदललेला चेहरा सर्वांत आधी रेक्टरला, मेसच्या मावशींना, ग्रंथालयातल्या दादांना दिसतो. या माणसांनी समुपदेशक व्हायचं नाही. पण ‘दोन दिवस जेवला नाहीस, काय झालं?’ असं विचारायचं आणि पुढं कुणाकडे न्यायचं, हे त्यांना शिकवता येतं.

एक इशाराही हवा. सगळी दुःखं मनातून उगवत नाहीत. जातीवरून टोमणे, रॅगिंग, शिष्यवृत्ती रखडल्यानं थकलेली फी, शिक्षकाकडून होणारा त्रास, यांवर ‘मन शांत ठेव’ हे उत्तर देणं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हे विशेष जपावं लागतं. तिथं समुपदेशकाच्या बरोबरीनं तक्रार निवारण समिती जागी असायला हवी.

आत नेमकं काय होतं?

बरीच भीती न पाहिलेल्या खोलीची असते. साधारण पाऊण तासाची भेट असते. काय होतंय, कधीपासून, झोप-भूक कशी आहे, आधार कुणाचा आहे, असं विचारलं जातं. रडू आलं तर येऊ देतात. काही सांगावंसं वाटलं नाही, तर जबरदस्ती नसते. मग त्रासाचे तुकडे पाडून त्यातला कुठला आधी हाताळायचा, हे दोघं मिळून ठरवतात. काही भेटींत बऱ्याच जणांचं काम होतं. समुपदेशक औषधं देत नाही. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, आणि ती औषधं रक्तदाबाच्या औषधांसारखीच आजारावरची औषधं असतात. ताणाबद्दल समुपदेशकाशी बोलणं म्हणजे आजाराचा शिक्का बसणं नव्हे. गुणपत्रिकेवर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याची नोंद होत नाही.

मुरगूड हे कुस्तीचं गाव आहे. तालमीत उतरलेल्या कुणालाही विचारा, पकड कुठं सुटते ते लढणाऱ्याला कळत नाही, कडेला उभ्या वस्तादाला दिसतं. वस्ताद मल्लाच्या वतीनं लढत नाही, लढायचं मल्लालाच असतं. पण वस्तादाचा शब्द ऐकला म्हणून कुणी मल्लाला कमजोर म्हणत नाही. ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?’ असं ऐकत वाढलेल्या मुलांना समुपदेशन समजावून सांगायला याहून जवळचा दाखला सापडणार नाही. मुलींची अडचण वेगळी असते. त्यांना रडायची मुभा असते, बाहेर जाऊन बोलायची नसते. ‘शिक्षण बंद करतील’ या भीतीनं कित्येकजणी गप्प राहतात. त्यांच्यासाठी कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या आवारात मिळणारी भेट फार मोलाची आहे.

घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी

एकदम अबोल होणं, झोप-भूक बदलणं, वर्गाला दांड्या, आवडत्या गोष्टींतून मन उडणं, ‘माझा सगळ्यांना त्रासच आहे’ अशी भाषा, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं, ही लक्षणं दोन आठवडे दिसली तर थांबू नका. शेवटची दोन दिसली, तर दोन दिवसही थांबू नका. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. विचारल्यावर मात्र उपदेश करू नका. ‘आमच्या वेळी आम्ही काय काय सोसलं’ ही कहाणी त्या दिवसापुरती बाजूला ठेवा. ऐका, एकटं सोडू नका आणि मदतीपर्यंत सोबत जा.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’सारखी संस्था मराठीतून मनाच्या आरोग्याबद्दल सतत बोलते आहे.

आपल्या मुलांना ‘बोलत जा’ असं सांगणं सोपं आहे. बोललेलं ऐकून घेणारा, गावभर न करणारा आणि त्यांच्याच भाषेत उत्तर देणारा माणूस त्यांच्या वाटेवर ठेवणं, हे काम मोठ्यांचं आहे. मुरगूडच्या स्टँडवर शेवटच्या एसटीची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्याला ती पायरी चढायला सांगण्याआधी ती पायरी थोडी खाली आणायला हवी.